पावणेनऊ माणसांचे बेदाणे

एनेटमाट गावात बाल्झ हॉस्ली हा सगळ्यांत शहाणा माणूस समजला जाई, आणि त्याचं कारण त्याच्या डाव्या गालात होतं.

रोज सकाळी पावणेसातला बाल्झ खांद्यावर फावडं टाकून घराबाहेर पडायचा. एकशे नव्वद वस्तीच्या त्या गावातले रस्ते, गटारं, रस्त्याखालच्या मोऱ्या, बाकडी आणि हिवाळ्यात आभाळातून पडेल तेवढा बर्फ, हे सगळं त्याच्या अखत्यारीत. वाटेत बेकरीवाली दारातूनच विचारायची, "काय रे बाल्झ, आज बर्फ पडणार का?" बाल्झ थांबायचा, डोंगराकडे बघायचा, भुवया थोड्या आवळायचा आणि "हं" म्हणून पुढे जायचा. बर्फ पडला की बेकरीवाली म्हणायची, "बाल्झ म्हणालाच होता." नाही पडला तरी म्हणायची, "बाल्झ म्हणालाच होता."

पुढे शाळेजवळ कुणीतरी त्याला कुंपणाच्या भांडणात साक्षीला काढायचं. बाल्झ दोघांचंही ऐकून घ्यायचा आणि दोघांकडेही बघून "हं" म्हणायचा. दोघांनाही आपापल्या मनात आपण कसे चुकलो ते कळायचं आणि भांडण मिटायचं. अशा "हं"च्या जोरावर बाल्झ स्मशानभूमी समितीवर निवडून आला, अग्निशमन दलाचा उपप्रमुख झाला आणि चर्चच्या घंटेचा दोर बदलायचा की नाही यावर नऊ वर्षं विचार करणाऱ्या समितीचा अध्यक्षही झाला. दोर अजून तोच होता. लोक म्हणत, घाई करणारा माणूसच नव्हे तो.

खरी गोष्ट अशी होती की त्या वेळी बाल्झला तोंड उघडताच येत नसे. त्याच्या डाव्या गालात दुधात भिजून टम्म फुगलेले वीस बेदाणे असायचे. गावाबाहेर, तिसऱ्या मोरीच्या पलीकडे, हेझलच्या झुडपांपर्यंत पोचलं की तो मागे बघायचा, पुढे बघायचा आणि "थू" करून मोकळा व्हायचा. त्यानंतर तो दिवसभर चांगला बोलू शकत असे. पण तोवर त्याच्याशी बोलायला उरायची ती फक्त गटारं.

आता कुणी म्हणेल, एवढं होतं तर नाश्त्याला म्युस्ली खायचीच कशाला? इथेच तर सगळं दुखणं होतं. बाल्झला म्युस्ली जिवापाड आवडायची. रात्री दुधात भिजत घातलेले ओट, त्यात सालासकट किसलेलं आंबट सफरचंद, चार थेंब लिंबू, घट्ट दही, वरून हेझलनटचा भरड कूट. तो वाडगा समोर आला की त्याचा चेहरा बाप्तिस्म्याच्या बाळासारखा व्हायचा. बर्फ उपसताना, मोरीत डोकं घालताना, अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा देतानासुद्धा उद्याच्या वाडग्याचा विचार आला की त्याला बरं वाटायचं. पण मधेच कुठेतरी दाताखाली ते मऊ, लिबलिबीत, फुगलेलं काहीतरी यायचं आणि त्याच्या अंगावर काटा उभा राहायचा. त्याच्या मते बेदाणा हे फळ नव्हतंच, फळाला झालेला आजार होता. मग जीभ तो बेदाणा अलगद उचलायची, डाव्या गालात ठेवायची आणि उरलेलं तोंड पुन्हा सुखाने चघळू लागायचं. ही कला एका दिवसात येत नाही. बाल्झला ती साधायला बावन्न वर्षं लागली होती.

बावन्न वर्षांपूर्वी, म्हणजे चौतीस सालच्या जानेवारीत, बाल्झ पाच वर्षांचा होता आणि तापाने फणफणला होता. आई नव्हती, वडील सूतगिरणीत. उशाशी बसलेली होती ती त्याची बहीण रेगुला, वय वर्षं चौदा. नाताळात दोघांना मिळून कागदाच्या पुडीत मूठभर बेदाणे मिळाले होते. बाल्झने त्याचा वाटा कुत्र्याला घातला होता. रेगुलाने मात्र तिचा वाटा जपून ठेवला होता. आठ दिवस पोराने काही खाल्लं नाही म्हटल्यावर तिने ओटच्या पेजेत आपले सगळे बेदाणे घातले आणि चमचा त्याच्या तोंडाशी नेला. बाल्झने तो कसाबसा गिळला. वर बघितलं तर रेगुलाचे डोळे त्याच्या तोंडाकडे लागलेले, ओठ थरथरताहेत. पोरगं कळवळलं. एकच शब्द बोललं.

"अजून."

त्या एका शब्दाची शिक्षा तो बावन्न वर्षं भोगत होता.

पुढे रेगुला गावच्या शाळेत शिक्षिका झाली, अख्ख्या गावाला पाढे शिकवून निवृत्त झाली, लग्न तिनेही केलं नाही आणि बाल्झनेही नाही. दोघं वडिलांच्याच घरात राहत. सकाळी सहाला समोरासमोर बसून नाश्ता. त्यात एकोणीसशे बावन्न साली एक भानगड झाली, तिने बाल्झच्या सुटकेची उरलीसुरली आशाही संपवली.

गावात कुनिगुंडे झ्विकी नावाची एक श्रीमंत अविवाहित बाई होती. ती सत्त्याण्णव वर्षं जगली आणि याचं सगळं श्रेय तिने रोजच्या सोळा बेदाण्यांना दिलं. ती गेली ती चेरीच्या झाडावरून पडून, पण त्यात बेदाण्यांचा दोष काढता येत नव्हता. मृत्युपत्रात तिने सगळी इस्टेट गावाला ठेवली ती एका अटीवर. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक घरी म्युस्लीची पिशवी आणि सोबत बेदाण्यांची वेगळी पुडी जाईल. सकाळच्या वाडग्यात माणशी मोजून सोळा बेदाणे पडलेच पाहिजेत आणि ते गावच्या नागरिकांच्याच पोटात गेले पाहिजेत. तसं होत नसेल तर पिशवी बंद, सगळ्या गावाची. यावर लक्ष ठेवायला एक विश्वस्त नेमावा, तो सत्यवचनी असावा. गावाने एकमताने रेगुलाला नेमलं. तेव्हापासून ती महिन्यातून दोनतीनदा, नाश्त्याच्या वेळी, न सांगता कुणाच्याही घरी टपकायची आणि वाडग्यात डोकावून म्हणायची, "छान. चालू द्या." माणसं सरपंचांना भीत नसत, पाद्रीबाबांना भीत नसत, पण रेगुलाबाईंचा दरवाजावरचा टकटक आवाज ऐकला की घरोघर पुड्या फोडून सोळा बेदाणे मोजले जात.

बाल्झच्या वाडग्यात मात्र वीस असायचे. रोज. हे कोडं त्याला कधीच सुटलं नव्हतं. पाढे शिकवणारी बाई मोजण्यात रोज चुकेल कशी? विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं म्हणजे आपण मोजतो हे कबूल करायचं, आणि मोजतो का याला त्याच्याकडे सांगण्यासारखं उत्तर नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना शहाऐंशी सालच्या ऑक्टोबरात तिसरी मोरी तुंबली.

पाणी रस्त्यावर आलं होतं. बाल्झने मोरीत हात घातला तर हाताला केस लागले. त्याने हात बाहेर काढला, हाताकडे बघितलं आणि वनरक्षक फ्रिडोलिन श्ट्युसीला बोलावून आणलं. फ्रिडोलिन हा पंचेचाळीस वर्षांचा, गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही घेऊन झोपणारा माणूस. दोघांनी मिळून दोर लावला, मोरीत मऊ साबणाचं पाणी ओतलं आणि अर्ध्या तासाने मोरीतून एक बिज्जू बाहेर आला. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं तोंड, आखूड पाय आणि मधे एवढं पोट की चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकत नव्हते. त्याने दोघांकडे रागाने बघितलं आणि तिथेच आडवा होऊन घोरायला लागला.

"अरे देवा," फ्रिडोलिन म्हणाला, "हे काय आहे?"

बाल्झच्या गालात त्या वेळी काही नव्हतं. तरी तो म्हणाला, "हं."

त्यांनी बिज्जूला हातगाडीवर घालून चीजच्या कारखान्यात नेलं. तिथल्या काट्यावर ठेवला. चीज बनवणारा ओरात्सिओ कालाब्रियाहून आलेला, तेरा वर्षांपासून गावाचं नागरिकत्व मागत असलेला माणूस. त्याने आकडा वाचला आणि कपाळाला हात लावला. "एकवीस किलो! माझं पहिलं बाळ चार किलोचं होतं तर आख्खं गाव बघायला आलं होतं."

"जनावर एवढं जाड होतंच कसं?" फ्रिडोलिन म्हणाला. त्याने बाल्झबरोबर परत मोरीपाशी जाऊन बिज्जूची विष्ठा काडीने उकरली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाल्झ, बेदाणे आहेत रे."

बाल्झच्या पायाखालचा रस्ता सरकला. तो रस्ता त्यानेच दुरुस्त केलेला होता, तरी सरकला. त्याने मनातल्या मनात हिशेब मांडला: रोज वीस, वर्षाला सात हजार तीनशे, चौतीस वर्षांत अडीच लाखाच्या आसपास. एकट्या आपल्या गालाने एक जनावर, कदाचित त्याचे बापजादेही, या थराला नेले होते.

"मी याचा छडा लावणार," फ्रिडोलिन वही उघडत म्हणाला. "आठ दिवस गावाभोवतीचा प्रत्येक बेदाणा मोजणार, आणि नोव्हेंबरातल्या ग्रामसभेत अहवाल ठेवणार. नावानिशी."

"नावानिशी कशाला?" बाल्झच्या तोंडून निघून गेलं.

"बाल्झ, तू इतकं बोलतोस म्हणजे तुलाही हे गंभीर वाटतंय," फ्रिडोलिन म्हणाला.

पिशवी बंद होईल याची बाल्झला भीती नव्हती. ओट तो विकतही आणू शकला असता. त्याला झोप लागेना ती एकाच गोष्टीने. रेगुलाला हे भर सभेत, फ्रिडोलिनच्या वहीतून कळणार. ज्या पोराने "अजून" म्हटल्यावर ती रडली होती, ते पोर बावन्न वर्षं तिच्या समोर बसून गालात बेदाणे साठवत होतं, हे ती सगळ्या गावाच्या देखत ऐकणार. त्याच्या आधी आपणच सांगायला हवं. एक वाक्य तर होतं, चार शब्दांचं. सभेला तीन आठवडे होते.

पहिल्या आठवड्यात त्याने सरळ नाश्त्यालाच विषय काढला. बेदाणे गालात जायच्या आधी बोलायचं म्हणून चमचाही उचलला नाही.

"रेगुला."

"काय रे?"

"ते बेदाणे आहेत ना..."

"कमी पडतात का?" रेगुलाने चमचा खाली ठेवला. चेहऱ्यावर काळजी. "पोटभर होत नाहीत का? लाजू नकोस, सांग."

"छे छे! भरपूर होतात."

"मग खा मुकाट्याने. गार होतंय." म्युस्ली गारच असते, पण रेगुलापुढे हे कोण बोलणार.

दुसऱ्या आठवड्यात त्याने चिठ्ठी लिहिली. स्मशानभूमी समितीच्या बैठकीच्या सूचनेचा कागद हाताशी होता, त्याच्या पाठीमागे त्याने मोठ्या कष्टाने लिहिलं, "मला बेदाणे आवडत नाहीत. कधीच आवडले नाहीत. राग मानू नकोस. तुझा बाल्झ." कागद तिच्या चष्म्याखाली ठेवला आणि दिवसभर रस्त्यावर तेच तेच गटार साफ करत राहिला. संध्याकाळी घरी आला तर रेगुला प्रसन्न. "तुझा कागद वाचला रे. शुक्रवारी येते हो मी बैठकीला. थडग्यांमधल्या वाटेचं बघायलाच हवं." आणि तोच कागद तिने चुलीत घातला होता.

तिसऱ्या आठवड्यात, सभेच्या आदल्या दिवशी, तो तिला म्हणाला, "चल, जरा वर फिरून येऊ." दोघं डोंगराच्या वाटेने निघाले. बाल्झने एका बाकड्यापाशी तिला बसवलं. ते बाकडं त्यानेच रंगवलेलं होतं. त्याने श्वास घेतला. तोंड उघडलं. तेवढ्यात रेगुला खाली गावाकडे बघत म्हणाली, "बाल्झ, तुला आठवतं का रे? तुला ताप आला होता. मला वाटलं होतं, तू जातोस. आणि मग तू म्हणालास, अजून." तिने रुमाल काढला. "माझ्या आयुष्यात मला कुणी तेवढा चांगला शब्द बोललेलं नाही."

बाल्झ डोंगराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हं."

रविवारी दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत ग्रामसभा भरली. सव्वाशे मतदार लाकडी बाकांवर, पाहुण्यांच्या बाकावर एकटा ओरात्सिओ, आणि समोर टेबलाशी सरपंच काथरी एल्मर, दुधाचा धंदा सांभाळून सरपंचकी करणारी रोखठोक बाई. बाल्झ रेगुलाच्या शेजारी बसला होता. त्याच्या गालात काही नव्हतं, पण सवयीने तो फुगला होता.

फ्रिडोलिन उभा राहिला. "सरपंचबाई, आणि मंडळी. गावात एकशे नव्वद माणसं. माणशी सोळा म्हणजे रोज तीन हजार चाळीस बेदाणे. मी आठ दिवस मोजले. हेझलच्या झुडपांखाली, नदीकाठी, चर्चच्या फुलांच्या कुंड्यांत, बेकरीच्या मागच्या भिंतीपाशी, आणि, मला सांगायला वाईट वाटतं, अग्निशमन दलाच्या पाइपात. सरासरी रोज दोन हजार नऊशे बेदाणे गावाबाहेर किंवा गावात टाकलेले सापडतात."

बाकांवरचे सगळे जण भिंतीवर लटकवलेल्या दोऱ्या मोजू लागले.

बाल्झच्या मनात एकच आकडा घुमत होता. त्याचे तर वीस. मग उरलेले दोन हजार आठशे ऐंशी कुणाचे?

"म्हणजे रोज खाल्ले जातात एकशे चाळीस," फ्रिडोलिन म्हणाला. "भागिले सोळा. गावात बेदाणे खाणारी माणसं आहेत पावणेनऊ."

"पावणेनऊ?" सरपंचबाई म्हणाल्या.

"पावणेनऊ."

"ते पाऊण कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

"शू!" सरपंचबाईंनी टेबलावर हात आपटला. "असं अर्धवट बोलून चालणार नाही. इथल्या इथे सोक्षमोक्ष लावू. जे आपले सोळाच्या सोळा बेदाणे खातात, त्यांनी हात वर करावा."

एनेटमाटमध्ये गेली सहाशे वर्षं मतदान हात वर करूनच होत आलं होतं. शेजाऱ्याचा हात वर गेला की आपलाही वर न्यायचा, उगाच वाईटपणा कशाला, ही इथली रीत. बेकरीवालीचा हात गेला. पाद्रीबाबांचा गेला. मग एकदम जंगल उभं राहावं तसे सगळे हात वर. बाल्झचाही हात आपोआप वर गेला. तो त्याचा नव्हताच, गावाचा होता.

"एकशे चोवीस," मोजणाऱ्याने सांगितलं.

"मग फ्रिडोलिन, तुझेच आकडे चुकले," सरपंचबाई म्हणाल्या.

"माझे आकडे?" फ्रिडोलिन लालबुंद झाला. "बाई, मी पाइपात डोकं घालून मोजलेत!"

"हात मोजले ना? हात म्हणजे हात. ठराव मंजूर, बेदाणे खाल्ले जातात, जनावर स्वभावानेच जाड आहे. पुढचा विषय."

"थांबा," रेगुला म्हणाली.

तेव्हा कुठे बाल्झच्या लक्षात आलं की तिचा हात वर गेलेला नव्हता.

रेगुला उभी राहिली. या व्यायामशाळेत तिने चाळीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं होतं. "पाऊण माणूस मी आहे," ती म्हणाली. "मी सोळा खात नाही. बारा खाते. चार रोज बाल्झच्या वाडग्यात टाकते, तो तोंड धुवायला जातो तेव्हा. मला बेदाण्यांसारखं दुसरं काही आवडत नाही, पण त्याला माझ्याहून जास्त आवडतात. लहानपणापासून. विश्वस्तानेच अट मोडली आहे, तेव्हा मी राजीनामा देते." आणि ती खाली बसली.

सव्वाशे माणसांनी बाल्झकडे बघितलं.

बाल्झ हळूहळू उठला. त्याने सवयीने जिभेने डावा गाल चाचपला. रिकामा होता. आता कसलीच सबब नव्हती.

"रेगुला," तो म्हणाला, "मला बेदाणे आवडत नाहीत."

रेगुलाने मान वर केली. "कधीपासून?"

"चौतीस सालच्या जानेवारीपासून."

"पण तू म्हणालास, अजून!"

"तू रडायला आली होतीस, म्हणून."

"आणि त्यानंतर बावन्न वर्षं? एवढ्या वर्षांत एकदाही बोलला नाहीस?"

"कसा बोलणार?" बाल्झ म्हणाला. "तोंड भरलेलं असायचं."

मग बेकरीवाली हुंदका देऊन उठली. "मीसुद्धा, हॉस्लीबाई! मी भिंतीमागे टाकते. मला माफ करा." "कुंड्यांत टाकणारा मी," पाद्रीबाबा म्हणाले, "देवाला ठाऊक आहे." अग्निशमन दल एकदम उभं राहिलं आणि प्रमुखाने सगळ्यांच्या वतीने पाइपाची कबुली दिली. सरपंचबाईंनी टेबलावर हात आपटायला उचलला तो तसाच कपाळाला लावला. "नदीकाठचे माझे," त्या म्हणाल्या. रेगुला सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती, जणू अख्खा वर्ग एकाच गणितात नापास झाला होता.

"म्हणजे पिशवी बंद," कुणीतरी म्हणालं. ओट, दही, सफरचंद, कूट हे सगळ्यांनाच आवडत होतं. नकोसा होता तो फक्त सोळाचा आकडा.

रेगुलाने पर्समधून मृत्युपत्राची प्रत काढली. ही प्रत ती कायम जवळ बाळगायची. चष्मा लावला. "इथे लिहिलंय, बेदाणे वाडग्यात पडले पाहिजेत. आणि नागरिकांच्या पोटात गेले पाहिजेत. वाडगा ज्याचा, त्याच्याच पोटात, असं कुठेही लिहिलेलं नाही."

"मग?"

"बिज्जू खातोच आहे," फ्रिडोलिन म्हणाला. "त्याला नागरिक करून टाका."

यावर पाऊण तास चर्चा झाली, आणि ती अतिशय जबाबदारीने झाली. अर्जदार गावात जन्मलेला आहे का? आहे. बाहेरगावी राहिलाय का? नाही. रविवारी यंत्रं चालवतो का? नाही. रात्री दहानंतर आवाज? घोरतो, पण बिळात. गावाच्या चालीरीती त्याला मान्य आहेत का? "तो बोलत नाही," पाद्रीबाबा म्हणाले, "म्हणजे तेवढी अट तर पुरी झालीच." ठराव एकमताने मंजूर झाला.

"आता एक अडचण," रेगुला म्हणाली. "फ्रिडोलिनच्या आकड्यात आठ पूर्ण माणसं खातात. ती कोण?"

सात हात वर गेले, सगळे म्हातारे. आणि पाहुण्यांच्या बाकावरून ओरात्सिओ उभा राहिला. "आठवा मी. मला आवडतात. पण मी नागरिक नाही."

"म्हणजे तेरा वर्षं तुम्ही बेकायदा बेदाणे खाल्लेत," सरपंचबाई म्हणाल्या.

"बाई, बिज्जूला आत्ता पाऊण तासात दिलंत ना?"

गाव स्वतःच्या बुटांकडे बघू लागलं. मग बाल्झने, कुणी विचारलं नसताना, हात वर केला. हा त्याच्या आयुष्यातला पहिला हात, जो शेजाऱ्याच्या आधी गेला. मग बेकरीवालीचा. मग एकेक करत बहुतेक सगळे. अकरा विरोधात राहिले. त्यांचं म्हणणं होतं की बिज्जूचं ठीक आहे, पण माणसांच्या बाबतीत जरा सबुरीने घ्यावं. रेगुलाचा राजीनामा कुणी मंजूर केला नाही. बेदाणे रोज वाडग्यात पडतील, तिथून ज्याला नकोत त्याने ते हेझलच्या झुडपांखाली ठेवलेल्या लाकडी खोक्यात नेऊन टाकावेत, आणि हिवाळ्यात बिज्जू झोपतो तेव्हा रेगुला, ओरात्सिओ आणि ते सात म्हातारे मिळून खोकं रिकामं करतील, असं ठरलं.

पुढे बाल्झचं गावातलं वजन फार उतरलं. सकाळी बेकरीवालीने "बर्फ पडेल का रे?" विचारलं की तो आता बोलायचा. वाऱ्याबद्दल बोलायचा, गुडघ्याबद्दल बोलायचा, मोऱ्यांचे तपशील सांगायचा. बेकरीवालीने महिन्याभरात विचारणंच सोडलं. "बाल्झ पूर्वीसारखा राहिला नाही," लोक म्हणू लागले. पुढच्या निवडणुकीत स्मशानभूमी समिती गेली, उपप्रमुखपद गेलं, आणि घंटेच्या दोराच्या समितीचा नवा अध्यक्ष बिज्जूला करावा असं कुणीतरी सुचवलंसुद्धा. बाल्झला त्याचं काही वाटलं नाही.

पण ते सगळं नंतर. सभेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी सहाला, दोघं नेहमीसारखे समोरासमोर बसले. रेगुलाने दोन्ही वाडग्यांत नियमाप्रमाणे सोळा सोळा बेदाणे मोजून घातले. मग बाल्झच्या वाडग्यातले सोळा चमच्याने एकेक करून काढून आपल्या वाडग्यात घेतले. बत्तीस झाले. तिने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. बाल्झने तिला असं खाताना कधी बघितलं नव्हतं, कारण आजवर त्याचं लक्ष जिभेकडे असायचं.

मधेच सवयीने रेगुलाच्या चमच्यात चार बेदाणे आले आणि हात टेबलावरून त्याच्या वाडग्याकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. बाल्झ खिडकीबाहेर बघत राहिला. हात परत गेला.

बाल्झने आपला वाडगा संपवला. काही चुकवायचं नव्हतं, काही साठवायचं नव्हतं. सफरचंद सफरचंदासारखं लागत होतं आणि कूट कुटासारखा. त्याने चमच्याने तळ खरवडला. मग वाडगा दोन्ही हातांनी उचलून रेगुलापुढे धरला.

"अजून," तो म्हणाला.

रेगुलाने चष्म्यावरून त्याच्याकडे संशयाने बघितलं. "खरंच?"

"खरंच गं," बाल्झ म्हणाला आणि खात्री पटावी म्हणून त्याने तोंड उघडून तिला डावा गाल आतून दाखवला.